४०० ग्रॅमच्या तांब्याच्या गडूत इलेक्ट्रॉन किती ग्रॅम? अणूच्या वस्तुमानाचा हिशेब असा मांडा

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्याचं भांडं वजनावर मिळतं. काट्यावर ४०० ग्रॅम भरलेला एक गडू घ्या आणि विचारा, यात प्रोटॉन किती ग्रॅम, न्यूट्रॉन किती ग्रॅम आणि इलेक्ट्रॉन किती ग्रॅम? शाळेच्या पुस्तकात इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ‘नगण्य’ म्हणून सोडून दिलेलं असतं, पण नगण्य म्हणजे नक्की किती ते कुणी सांगत नाही. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. तिन्ही कणांची सुटी वजनं प्रामाणिकपणे मिळवली, तर बेरीज ४०० येत नाही, ४०३.७६ ग्रॅम येते. पावणेचार ग्रॅम जास्त. बेरीज बरोबर असते आणि काटाही बरोबर असतो. हे पावणेचार ग्रॅम कुठे गेले ते ज्याला आकड्यात दाखवता आलं, त्याला अणूचं वस्तुमान समजलं.

अकरावी-बारावीच्या मुलांना आणि त्यांना शिकवणाऱ्यांना वहीत पूर्ण उतरवता येईल असा हा हिशेब आहे. लागणारं गणित बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढंच. चिकाटी मात्र दशांश चिन्हापुढच्या सहा आकड्यांपर्यंत ठेवावी लागते.

सुरुवातीला काय हाताशी हवं

सायंटिफिक कॅल्क्युलेटर असेल तर उत्तम. मोबाइलमधलाही चालतो, फक्त तो मधेच आकडे गोल करत नाही ना ते एकदा बघून घ्या. बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबलवर काम भागवावं लागतं. तिथे एक पथ्य पाळा: बेरीज-वजाबाकी हातानेच आणि सगळ्या दशांशांसकट करायची, लॉग फक्त शेवटच्या गुणाकाराला लावायचा. चार आकडी लॉग टेबलने आधीचे गुणाकार केले, तर ६३.५२ मधून ६२.९३ वजा करण्याची पाळी येते आणि ज्या फरकासाठी सगळा खटाटोप चाललाय त्याचे दोनच आकडे हातात उरतात.

गडू प्रत्यक्ष तोलणार असाल तर बिनकल्हईचा घ्या. आतून पांढरट चकाकत असेल तर तो कथलाचा थर आहे. बुडाची कडी किंवा कान पितळेचा असेल तर तिथे जस्त आलं. हिरवट-काळपट थर चढला असेल तर चिंच-मिठाने घासून, धुऊन, पूर्ण वाळवून मग तोला. अर्थात हे पथ्य ठरावीक उत्तरांपुरतंच आहे. कल्हईने प्रोटॉन-न्यूट्रॉनचं प्रमाण थोडं बदलतं. इलेक्ट्रॉनचं उत्तर मात्र ४०० ग्रॅम पितळेतही जवळजवळ तेच येतं, कारण ते कशावर अवलंबून असतं ते पुढे येईलच.

आता आकडे. अणूच्या पातळीवर किलो-ग्रॅम वापरणं म्हणजे दशांश चिन्हापुढे सव्वीस शून्यं लिहीत बसणं. म्हणून डाल्टन हे एकक वापरतात. कार्बन-१२ या समस्थानिकाच्या एका अणूचं वस्तुमान १२ डाल्टन मानलेलं आहे, बाकी सगळं त्याच्या हिशेबात. (समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेले अणू.) किलोत हवंच असेल तर एक डाल्टन म्हणजे १.६६०५४ गुणिले १० चा उणे २७ वा घात.

प्रोटॉन: १.००७२७६ डाल्टन
न्यूट्रॉन: १.००८६६५ डाल्टन
इलेक्ट्रॉन: ०.०००५४९ डाल्टन (अधिक नेमका ०.०००५४८५८)
हायड्रोजन-१ चा अख्खा अणू: १.००७८२५ डाल्टन
१ डाल्टनची ऊर्जा: ९३१.४९४ एमईव्ही, म्हणजे मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक, दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट)

प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड आहे, हे बहुतेकांना पाठ असतं. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किंचित जड असतो, ते मात्र विसरलं जातं. हा फरक ०.००१३८८ डाल्टन, म्हणजे अडीच इलेक्ट्रॉनइतका. तो किरकोळ म्हणून सोडू नका. सुटा न्यूट्रॉन टिकत नाही, त्याचा प्रोटॉन होतो, तो याच फरकामुळे.

अंक वेगळा, वस्तुमान वेगळं

हिशेब चुकतो तो बहुधा इथेच. अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या, तांब्यासाठी २९. अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून संख्या. नावात ‘वस्तुमान’ असलं तरी ती मोजदाद आहे, म्हणून कायम पूर्णांक. प्रत्यक्ष अणुवस्तुमान हे तोलून काढलेलं असतं आणि ते पूर्णांक नसतं. लासलगावच्या बाजारात गोणीत कांदे किती हे मोजणं वेगळं आणि गोणी काट्यावर चढवणं वेगळं, तसंच हे. पहिल्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो, पण त्याच्या जागी तो लिहिता येत नाही.

याहून फसवा तिसरा आकडा आवर्तसारणीत असतो. तांब्याच्या चौकटीत ६३.५४६ छापलेलं दिसतं. एवढ्या वस्तुमानाचा तांब्याचा एकही अणू अस्तित्वात नाही. निसर्गात तांब्याचे दोनच समस्थानिक टिकून आहेत: तांबं-६३ (६२.९२९५९८ डाल्टन, प्रमाण ६९.१५ टक्के) आणि तांबं-६५ (६४.९२७७९० डाल्टन, प्रमाण ३०.८५ टक्के). आवर्तसारणीतला आकडा ही या दोघांची भारित सरासरी.

६२.९२९५९८ × ०.६९१५ = ४३.५१५८
६४.९२७७९० × ०.३०८५ = २०.०३०२
बेरीज ६३.५४६०

‘तांब्याच्या अणूत न्यूट्रॉन किती?’ या प्रश्नाला ६३.५४६ चे ६४ करून त्यातून २९ वजा करतात आणि ३५ हे उत्तर येतं. उत्तरपत्रिकेत ते सर्रास दिसतं. पण ३५ न्यूट्रॉनवालं तांबं-६४ किरणोत्सारी आहे, त्याचा अर्धायुकाळ पावणेतेरा तासांच्या आसपास. भांडी बाजारातल्या गडूत ते सापडणार नाही. बरोबर उत्तर ३४ किंवा ३६, कोणता समस्थानिक त्यावर अवलंबून. चांदीतही हाच सापळा आहे, शेवटी सरावाला दिली आहे.

एका अणूचा हिशेब

तांबं-६३ घेऊ. २९ प्रोटॉन, ३४ न्यूट्रॉन, २९ इलेक्ट्रॉन.

पहिली पायरी, सुट्या मालाची बेरीज. इथे एक जुनी युक्ती आहे: २९ प्रोटॉन आणि २९ इलेक्ट्रॉन वेगवेगळे न मांडता २९ हायड्रोजन अणू मांडायचे. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन असतोच, त्यामुळे इलेक्ट्रॉन मोजायचे राहून जात नाहीत.

२९ × १.००७८२५ = २९.२२६९२५
३४ × १.००८६६५ = ३४.२९४६१०
बेरीज ६३.५२१५३५ डाल्टन

दुसरी पायरी, काट्यावरचं वस्तुमान वजा करणं.

६३.५२१५३५ − ६२.९२९५९८ = ०.५९१९३७ डाल्टन

हीच वस्तुमान-तूट. सहा दशांशांतच काम केल्यामुळे शेवटचा एखादा आकडा इकडेतिकडे होतो. जास्त दशांश घेतले तर ०.५९१९३५ येतं.

तिसरी पायरी, तुटीची ऊर्जा. हिलाच बंधन ऊर्जा म्हणतात.

०.५९१९३५ × ९३१.४९४ = ५५१.३८ एमईव्ही

चौथी पायरी, ६३ ने भागणं: ८.७५ एमईव्ही दर कणामागे. इथे कण म्हणजे केंद्रकातले फक्त प्रोटॉन-न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन यात धरायचे नाहीत. हा शेवटचा आकडा हीच तुमची चाळणी. मध्यम आणि जड अणूंसाठी तो साडेसात ते आठ पूर्णांक ऐंशी शतांशांच्या दरम्यान यायलाच हवा. १२ आला किंवा ३ आला तर कुठेतरी माशी शिंकलीय, पुन्हा पहिल्या पायरीवर जा.

या तुटीचा अर्थ काय? सुटे प्रोटॉन-न्यूट्रॉन एकत्र येऊन केंद्रक बनलं, तेव्हा ५५१ एमईव्ही ऊर्जा बाहेर गेली. ऊर्जा गेली की तिच्या वाट्याचं वस्तुमानही जातं, ई = एमसी² याचा अर्थच तो. कण एकही हरवला नाही. २९ प्रोटॉन आत गेले, २९ च आहेत. सगळ्यांचं एकत्र वस्तुमान मात्र कमी झालं. म्हणून ‘न्यूट्रॉनचं वस्तुमान १.००८६६५’ हे विधान सुट्या न्यूट्रॉनचं आहे. केंद्रकात बांधलेल्या एकेका न्यूट्रॉनचं स्वतंत्र वस्तुमान काढता येत नाही, तूट सगळ्यांची सामाईक असते.

हिशेब कुठे बिघडतो

सगळ्यात महाग चूक इलेक्ट्रॉनची. तक्त्यात छापलेलं वस्तुमान जवळपास नेहमी अख्ख्या अणूचं असतं, इलेक्ट्रॉनसकट. बेरजेत सुट्या प्रोटॉनचा आकडा १.००७२७६ घेतला आणि इलेक्ट्रॉन घ्यायचे राहिले, तर एका बाजूला २९ इलेक्ट्रॉन आहेत, दुसऱ्या बाजूला नाहीत. तूट ०.५९१९ ऐवजी ०.५७६० येते आणि बंधन ऊर्जा ५५१.४ ऐवजी ५३६.६. जवळपास १५ एमईव्हीचा घोळ, म्हणजे बरोबर २९ × ०.५११. वाईट म्हणजे दर कणामागचा आकडा ८.५२ येतो आणि तो चाळणीतून सहज निसटतो. ‘नगण्य’ इलेक्ट्रॉन इथे नगण्य नाहीत. ६३ डाल्टनच्या तुलनेत ते क्षुल्लक असतील, पण आपण ०.६ डाल्टनचा फरक शोधतोय आणि त्या मानाने २९ इलेक्ट्रॉन भरतात पावणेतीन टक्के.

दुसरी चूक लवकर गोल करण्याची. न्यूट्रॉनचे १.००८६६५ चे १.००९ केले, तर फरक दिसतो ०.०००३३५ एवढाच. त्याला ३४ ने गुणलं की ०.०११४ डाल्टन, म्हणजे साडेदहा एमईव्हीपेक्षा जास्त. आकडे गोल करायचे ते अगदी शेवटी.

तिसरी चूक सरासरी वापरण्याची. तूट काढताना ६२.९२९५९८ च्या जागी ६३.५४६ घातलं, तर ६३.५२१५३५ मधून ते वजा करताना उत्तर ऋण येतं. ऋण बंधन ऊर्जा म्हणजे केंद्रक आपोआप विस्कटायला हवं. असं उत्तर आलं की समजा, आवर्तसारणीचा आकडा चुकून आत शिरलाय.

हायड्रोजनच्या युक्तीत एक बारीक अप्रामाणिकपणा आहे, तोही सांगून टाकू. इलेक्ट्रॉन अणूला बांधलेले असतात, त्यांचीही बंधन ऊर्जा असते. हायड्रोजनमध्ये ती १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तांब्याच्या सगळ्या २९ इलेक्ट्रॉनची मिळून सुमारे ४५ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट. युक्तीत हा फरक सोडून दिलेला असतो. ४५ हजार म्हणजे ०.०४५ एमईव्ही, ५५१ च्या पुढे काहीच नाही. बारावीला सोडा, पदवीलाही सोडला तरी चालतो. ‘इलेक्ट्रॉन सोडले तर चालतं का’ या प्रश्नाचं खरं उत्तर हे असं दोन तुकड्यांत आहे: त्यांचं वस्तुमान सोडायचं नाही, त्यांची बंधन ऊर्जा सोडली तर बिघडत नाही.

मासस्पेक्ट्रोमीटरचे, म्हणजे अणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे हाताळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲस्टनने १९१९ मध्ये हे तंत्र उभं केलं तेव्हापासून त्या यंत्रात अणू नव्हे, आयन तोलला जातो. एक इलेक्ट्रॉन काढून घेतलेला तांबं-६३ चा आयन ६२.९२९०४९ दाखवतो. तक्त्यातल्या आकड्याशी सहाव्या दशांशापर्यंत जुळवायचं असेल, तर तो एक इलेक्ट्रॉन परत मिळवावा लागतो. चांगल्या रिझोल्यूशनच्या यंत्रावर हा फरक स्पष्ट दिसतो.

आता अख्खा गडू

अणूंची संख्या काढून प्रत्येकाचं किलोतलं वस्तुमान गुणत बसायची गरज नाही. डाल्टनमधल्या आकड्याला मोलने (एक मोल म्हणजे अ‍ॅव्होगाड्रो संख्येइतके कण) गुणलं की थेट ग्रॅम मिळतात, घातांक कुठेच येत नाहीत.

४०० ÷ ६३.५४६ = ६.२९४६५ मोल

कुतूहल असेल तर याला अ‍ॅव्होगाड्रो संख्येने, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, गुणून बघा. अणू येतील ३.७९ गुणिले १० चा २४ वा घात. ही संख्या २० मे २०१९ पासून व्याख्येनेच निश्चित झाली आहे, त्यामुळे त्यात आता कमीजास्त काही नाही.

इलेक्ट्रॉन: २९ × ०.०००५४८५८ × ६.२९४६५ = ०.१०० ग्रॅम
प्रोटॉन: २९ × १.००७२७६ × ६.२९४६५ = १८३.८७ ग्रॅम

न्यूट्रॉनसाठी आधी सरासरी संख्या लागते, कारण गडूत दोन्ही समस्थानिक मिसळलेले आहेत. ३४ × ०.६९१५ अधिक ३६ × ०.३०८५ = ३४.६१७. सरासरी वापरायची ती इथे.

न्यूट्रॉन: ३४.६१७ × १.००८६६५ × ६.२९४६५ = २१९.७९ ग्रॅम

एकूण ४०३.७६ ग्रॅम. काट्यावर ४००. फरक ३.७६ ग्रॅम.

पडताळा दुसऱ्या वाटेनेही येतो. तांबं-६५ ची तूट वरच्याच पद्धतीने ०.६११०७३ डाल्टन येते. दोन्ही तुटींची भारित सरासरी ०.५९७८, तिला ६.२९४६५ ने गुणा: ३.७६. दोन वाटांनी एकच आकडा आला की हिशेब पक्का.

तर गडूतले सगळे इलेक्ट्रॉन मिळून भरले १०० मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातल्या एक-एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्याला त्यांचा पत्ताही लागणार नाही. सराफ बाजारातल्या मिलिग्रॅमच्या काट्यावर मात्र तेवढं वजन ठसठशीत दिसेल. हे प्रमाण ०.०२५ टक्के, आणि ते पदार्थागणिक फारसं का बदलत नाही हेही आता कळतं. एकेका इलेक्ट्रॉनमागे एक प्रोटॉन आणि बहुधा एक किंवा दीड न्यूट्रॉन असतो, म्हणून बहुतेक वस्तूंत ते ०.०२ ते ०.०३ टक्क्यांत अडकून राहतं. अपवाद हायड्रोजन, त्यात न्यूट्रॉन नसल्याने ०.०५४ टक्के. युरेनियम-२३८ मध्ये न्यूट्रॉनची गर्दी असल्याने ०.०२१ टक्के. आपलं शरीर बरंचसं पाण्याचं, ६० किलोच्या माणसात सुमारे १८ ग्रॅम इलेक्ट्रॉन.

पावणेचार ग्रॅमची किंमत

३.७६ ग्रॅमला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणलं तर ३.३८ गुणिले १० चा १४ वा घात ज्यूल येतात. युनिटमध्ये साधारण ९ कोटी ४० लाख. एकलहरेचं ६३० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र पूर्ण क्षमतेने अखंड चाललं, तर एवढी वीज बनवायला त्याला सव्वासहा दिवस लागतील.

हा आकडा वर्गात फेकला की मुलं लगेच म्हणतात, मग गडूतून वीज काढता येईल! तिथेच थांबवा. ही ऊर्जा गडूत नाहीच. ती ताऱ्यांमध्ये तांब्याची केंद्रकं घडली त्या साखळीत, पृथ्वी होण्याच्याही आधी, निघून गेली. ३.७६ ग्रॅम ही उरलेली शिल्लक नाही, आधीच दिलेली रक्कम आहे. गडूतला प्रत्येक केंद्रक फोडून सगळे प्रोटॉन-न्यूट्रॉन सुटे करायचे म्हटले, तर तेवढी ऊर्जा उलट आपल्यालाच घालावी लागेल. अणुभट्टीत युरेनियममधून ऊर्जा मिळते, ती बंधन ऊर्जा ‘बाहेर काढल्याने’ नव्हे. कमी घट्ट बांधलेलं केंद्रक फुटून जास्त घट्ट बांधलेले दोन तुकडे होतात आणि मधल्या फरकाची ऊर्जा हाती लागते. तांबं, लोखंड, निकेल आधीच जवळपास सर्वाधिक घट्ट आहेत, त्यांच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही.

साध्या उष्णतेनेही वस्तुमान बदलतं, पण किती ते बघा. गडू १०० अंशांनी तापवायला सुमारे १५,४०० ज्यूल लागतात. त्याने वस्तुमान वाढतं ०.१७ नॅनोग्रॅम. रसायनशास्त्रात वस्तुमान अक्षय्य मानलेलं चालतं, ते यामुळे.

६३ कण असून ६३ डाल्टन का नाही?

सुटे कण १.००७ आणि १.००८ चे असताना ६३ कणांचा अणू ६३ पेक्षाही हलका, ६२.९३ कसा? आणि बहुतेक अणूंचं वस्तुमान पूर्णांकाच्या इतकं जवळ का येतं?

कारण डाल्टनच्या व्याख्येत आधीच तूट दडलेली आहे. कार्बन-१२ चे ६ हायड्रोजन आणि ६ न्यूट्रॉन सुटे मांडले तर १२.०९८९४० भरतात. अणू मात्र १२. म्हणजे एक डाल्टन हा सुट्या कणाचा माप नाही, कार्बनमध्ये बांधल्या गेलेल्या कणाचा आहे, दर कणामागे ७.६८ एमईव्ही आधीच वजा केलेला. यावरून एका नजरेत निदान करता येतं. तांब्यात बंधन ८.७५, कार्बनपेक्षा घट्ट, म्हणून वस्तुमान ६३ च्या खाली. हायड्रोजनमध्ये केंद्रकीय बंधन शून्य, म्हणून १ च्या वर. युरेनियम-२३८ मध्ये ७.५७, कार्बनपेक्षा सैल, म्हणून २३८.०५, अंकाच्या वर. तक्ता उघडून वस्तुमान अंकापेक्षा कमी की जास्त एवढं बघितलं, तरी केंद्रक किती घट्ट आहे त्याचा ढोबळ अंदाज येतो. हलक्या आणि न्यूट्रॉन फार जास्त असलेल्या अणूंत हा अंदाज थोडा फसतो, कारण न्यूट्रॉन मुळातच जड आहे.

प्रोटॉनच्या आत

इथपर्यंत प्रोटॉन हा एक अखंड नग धरला. तो तसा नाही. त्यात दोन अप आणि एक डाउन असे तीन क्वार्क असतात, न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाउन. अप क्वार्कचं वस्तुमान सुमारे २.२ एमईव्ही, डाउनचं सुमारे ४.७. प्रोटॉनमधल्या तिघांची नुसती बेरीज ९.१ एमईव्ही. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८.३. एक टक्काच भरला!

बाकी ९९ टक्के आले कुठून? क्वार्क अत्यंत वेगाने हलत असतात त्या गतीची ऊर्जा आणि त्यांना जखडणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राची ऊर्जा, यातून. ग्लुऑनला स्वतःचं वस्तुमान नाही, पण बंदिस्त ऊर्जेला असतं. गडूच्या भाषेत सांगायचं, तर क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज साडेचार ग्रॅमच्या आसपास, इलेक्ट्रॉनचा ०.१ ग्रॅम, आणि उरलेले सुमारे ३९५ ग्रॅम म्हणजे कोंडलेली ऊर्जा.

४ जुलै २०१२ ला सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेने हिग्ज कणाची घोषणा केल्यापासून ‘हिग्जमुळे सगळ्याला वस्तुमान मिळतं’ असं वाक्य सगळीकडे फिरतं. ते निम्मंसुद्धा खरं नाही. हिग्ज क्षेत्राशी थेट नातं आहे ते क्वार्कांच्या आणि इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या वस्तुमानाचं, म्हणजे या ४०० पैकी जेमतेम साडेचार-पाच ग्रॅमचं.

हुशार विद्यार्थी इथे हटकून अडवतो: केंद्रकात बांधणीमुळे वस्तुमान कमी झालं, मग प्रोटॉनमध्ये बांधणीमुळे वाढलं कसं? प्रश्न रास्त आहे. केंद्रकाची तूट आपण सुट्या प्रोटॉन-न्यूट्रॉनशी तुलना करून काढली. सुटा क्वार्क मात्र मिळतच नाही. दोन क्वार्क ओढून दूर नेऊ लागलं की क्षेत्रातली ऊर्जा वाढत जाते आणि शेवटी त्या ऊर्जेतूनच नवी क्वार्क-जोडी तयार होते. ‘सुट्या मालाची बेरीज’ ही पहिली पायरीच तिथे मांडता येत नाही. क्वार्कांचे वरचे आकडेही प्रयोगातून आणि सिद्धांतातून मिळून काढलेले असतात, प्रोटॉनच्या आकड्यासारखे सरळ तोललेले नसतात. म्हणून ते एकाच दशांशापर्यंत दिले आहेत आणि तेवढेच वापरावेत.

सरावासाठी

चारही गणितं वरच्याच चार पायऱ्यांनी सोडवा. उत्तरं शेजारीच आहेत, पण झाकून ठेवा.

हेलियम-४, वस्तुमान ४.००२६०३: तूट ०.०३०३७७ डाल्टन, बंधन ऊर्जा २८.३० एमईव्ही, दर कणामागे ७.०७.

लोखंड-५६, वस्तुमान ५५.९३४९३६, प्रोटॉन २६: तूट ०.५२८४६ डाल्टन, ४९२.३ एमईव्ही, दर कणामागे ८.७९.

युरेनियम-२३८, वस्तुमान २३८.०५०७८८, प्रोटॉन ९२: तूट १.९३४२ डाल्टन, सुमारे १,८०१.७ एमईव्ही, दर कणामागे ७.५७. इथे १४६ न्यूट्रॉन असल्याने गोल करण्याची चूक सर्वांत जास्त फुगते. १.००९ घेऊन मुद्दाम एकदा चुकवून बघा.

चांदी, प्रोटॉन ४७. चांदी-१०७ चं वस्तुमान १०६.९०५०९२, प्रमाण ५१.८४ टक्के. चांदी-१०९ चं १०८.९०४७५५, प्रमाण ४८.१६ टक्के. सरासरी १०७.८६८ यायला हवी. चांदी-१०७ ची तूट ०.९८२५८ डाल्टन, ९१५.३ एमईव्ही, दर कणामागे ८.५५. न्यूट्रॉन ६० किंवा ६२. उत्तर ६१ आलं असेल तर सरासरीचे १०८ करून वजाबाकी झाली आहे, आणि चांदी-१०८ निम्मी व्हायला अडीच मिनिटंही लागत नाहीत.